खांद्यावरची दोन बोटं

तुळशीच्या लग्नाचा फोटो मी काढत नाही. घरात दोन कॅमेरे आहेत, तिसरा जुना माळ्यावर आहे, मोबाईल तर हातातच असतो; तरीही नाही. यंदा बायकोनं कुंडीला गेरू लावला, ऊस बांधले, चिंचा-आवळे ठेवले. मुलीनं पाटावर बाळकृष्ण मांडला आणि मला म्हणाली, "बाबा, एक तरी काढा की." मी पंच्याचं एक टोक धरून उभा होतो. आमच्याकडं तुळशीच्या लग्नात धुतलेला पंचाच अंतरपाट म्हणून धरतात. मी म्हटलं, "माझे हात गुंतलेत." पंचा खाली आला, अक्षता पडल्या, शेजाऱ्यांनी फटाक्यांची एक माळ लावली आणि बेळगावात लग्नाचे दिवस सुरू झाले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या शहापुरातली गल्ली अंग झाडून उठते. साड्यांच्या दुकानांपुढं गाड्या लागतात. जे चार माग अजून उरलेत ते सकाळी जरा लवकर खटखटायला लागतात. गल्लीच्या टोकाला बँडवाल्यांची तालीम चालू होते आणि माझ्या टेबलावर बॅटऱ्या चार्जिंगला लागतात. त्यांचे लाल दिवे एकेक करून हिरवे होत जातात. लोकांना हे दिवस आनंदाचे वाटतात, आणि ते आहेतच. माझं घर त्यांच्यावरच उभं आहे. पण गेली चार वर्षं पहिला बँड कानावर आला की माझा उजवा खांदा जड होतो. डॉक्टरांना दाखवून झालं. ते म्हणाले, कॅमेऱ्याचं वजन. मी हो म्हटलं. खरं तर तो खांदा वाट बघत असतो, दोन बोटांची.

ती बोटं मल्लूची. मल्लिकार्जुन, माझा व्हिडिओवाला. 'माझा' असं अजून लिहून जातो, इतकी वर्षं आम्ही एका स्टुडिओत काढली. तो मूळचा चिकोडीकडचा, घरात कन्नड, बाहेर आमच्यासारखंच मराठी. मी फोटो काढायचा, त्यानं व्हिडिओ. दोघांना सारखेच काळे शर्ट होते, पाठीवर स्टुडिओचं नाव आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'फोटो व व्हिडिओ'.

बाहेरच्या माणसाला कळत नाही, पण लग्नात फोटोवाला आणि व्हिडिओवाला यांचं जन्माचं वाकडं. दोघांनाही एकच जागा हवी असते. नवरदेवाच्या खांद्यामागं, जिथून अंतरपाट खाली आल्यावर नवरीचं तोंड समोर दिसतं, तिथं जेमतेम एका माणसापुरती जागा असते. एका बाजूला करवली, दुसऱ्या बाजूला केळीचा खुंट. फोटोवाला पुढं उभा राहिला तर व्हिडिओत त्याची पाठ येते. व्हिडिओवाला पुढं आला तर फोटोवाला आकाशाचे फोटो काढत बसतो.

यावर आम्ही आमची रीत काढली होती. मी पुढं, मल्लू माझ्या पाठीला लागून मागं. अंतरपाट खाली आला की उभ्यानं तीन फोटो माझे. मग माझ्या उजव्या खांद्यावर त्याची दोन बोटं टेकायची. टेकली की मी गुडघ्यावर बसायचो, आणि तो माझ्या डोक्यावरून पुढचं सगळं घ्यायचा. बोलायचं नाही, कारण बोललं की व्हिडिओत आवाज येतो. शब्द न काढता किती लग्नं आम्ही अशी पार पाडली याचा हिशेब नाही. मल्लूची बोटं जाड आणि नेहमी गरम. थंडीतल्या सकाळच्या मुहूर्तालासुद्धा शर्टातून त्यांची ऊब लागायची.

आणि हे सगळं कशासाठी, तर सात-आठ सेकंदांसाठी. अंतरपाट खाली आला की नवरी मान वर करते. त्या वेळी तिच्या तोंडावर जे असतं ते तिचं तिलाही माहीत नसतं. भीती असते, ओळख असते, कधी कधी काहीच नसतं, नुसतं एक रिकामं बघणं असतं. मग अक्षतांचा मारा होतो, हार येतात, मामा पुढं येतो आणि ती फोटोसाठी हसायला लागते. फोटोसाठी हसलेलं तोंड दिवसभर मिळतं. ते पहिलं एकदाच.

त्या वर्षीचा लग्नाचा हंगाम सुरू झाला तोच वाकडा. कडोलीतल्या एका लग्नात हळदीच्या दिवशी मल्लूनं नवा ड्रोन आणला होता. सगळं गाव मान वर करून उभं. मुलाकडची चार माणसं त्याच्याभोवती जमली, आणि मल्लू रंगात आला. म्हणाला, "आता फोटोवाला कशाला पायजे ओ? माझ्या व्हिडिओतली एक फ्रेम थांबिवली की झाला फोटो." सगळे हसले. मीही हसलो. तो चेष्टेत बोलला होता हे मला त्याच वेळी कळलं होतं. पण मी पन्नाशीचा माणूस, आणि आदल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं मला विचारलं होतं, की नुसता व्हिडिओ घेतला तर चालेल का. ते वाक्य माझ्या अंगात घुसून बसलं आणि सडायला लागलं.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं. त्याऐवजी मी फ्लॅश मारायला लागलो. गरज नसताना, मल्लूचं चित्रण चालू असताना, एकामागं एक. हल्लीच्या कॅमेऱ्यात फ्लॅश चमकला की व्हिडिओची अर्धी फ्रेम पांढरी होते, हे मला ठाऊक होतं. मल्लूला दोन लग्नांत कळलं. त्यानं व्हिडिओचा दिवा माझ्या डोळ्यांवर धरायला सुरुवात केली. मग मी त्याच्या वायरीवर पाय ठेवून उभा राहायला लागलो. मग त्याच्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचा पाय माझ्या टाचेत आला. पौष संपेपर्यंत आमचं बोलणं बंद झालं आणि माघात स्टुडिओही वेगळा झाला. लग्नं मात्र आधीच ठरलेली होती, ती दोघांनी मिळून करायची होती. एका गाडीतून जायचो, एका पंगतीला बसायचो आणि मांडवात शिरलो की एकमेकांच्या वाटेत उभे राहायचो. बोटं अजून टेकायची, पण आता ती टेकायची नाहीत, ढोसायची.

उचगावच्या लग्नात ड्रोन मांडवावर फार खाली आला. त्याच्या वाऱ्यानं ताटातल्या अक्षता उडाल्या, म्हाताऱ्या बायका डोक्यावर पदर घेऊन खाली वाकल्या, पोरं ओरडली. लोकांना मजा वाटली. मी मल्लूला ऐकू जाईल असं म्हटलं, "पडलं म्हंजे कळंल." त्यानं ऐकलं आणि तो आणखी खाली आणला. त्या वेळी ते यंत्र पडावं असं मला वाटत होतं. खाली माणसं असताना. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. त्या लग्नातले भटजी आम्हांला वीस वर्षं ओळखणारे. जेवताना ते आचाऱ्याला म्हणाले, "ह्या दोघांच्या पायी एक दिवस काय तरी इपरीत हुणार बघ." मी ताटातून मान वर केली नाही. मल्लूनंही नाही.

ते काय असेल याचा मी मनाशी अंदाज बांधत होतो. दिवा कापडाला टेकून मांडव पेटेल. ड्रोनचं पातं कुणाच्या डोळ्यात जाईल. वायरीत अडकून एखादी गरोदर बाई पडेल. फाल्गुन गेला, चैत्र गेला, ऊन चढत गेलं, आणि प्रत्येक मांडवात शिरताना मी आधी वर छताकडं आणि मग खाली वायरींकडं बघायचो. जे व्हायचं होतं ते मात्र या दोन्हींच्या मध्ये झालं, माणसाच्या उंचीवर.

वैशाखातला शेवटचा मुहूर्त निपाणीजवळच्या एका कार्यालयातला होता. निपाणीत उन्हाळ्यात हवेलाच तंबाखूचा वास असतो. नवख्या माणसाला शिंका येतात, तिथल्यांना तो येतही नाही. नवरी अश्विनी, कोल्हापुरात नर्स होती. तिची आई शेवंताक्का विड्या वळायची. नवरा लवकर गेलेला, पोर तिनं सूप मांडीवर घेऊन वाढवलेली. अश्विनीच्या मामानं आपल्या पोराच्या लग्नातलं आमचं काम बघितलं होतं, म्हणून त्यानं आम्हांला जोडीनं बोलावलं. फोनवर मला म्हणाला, "तुमची जोडीच पायजे अण्णा, दुसरं कोण नको." जोडी मोडल्याचं मी सांगितलं नाही, जुना काळा शर्टच घालून गेलो. मल्लूनंही सांगितलं नसणार.

सकाळी उप्पीट खाऊन मी कॅमेरा साफ करत होतो, तेव्हा शेवंताक्कानं मला कार्यालयाच्या मागच्या बाजूला बोलावलं. तिथं भांडी घासायच्या जागेपलीकडं तेलाच्या कापलेल्या डब्यात तुळस होती. डब्याला नवीन पिवळा रंग दिलेला. शेजारी तांब्या आणि बसायला पाट.

"मी हितं बसणार," ती म्हणाली. "मंगळाष्टकं चालू झाली की आईनं तुळशीला पाणी घालत बसायचं. लेकीचं लगीन बघायचं नसतंय. दिष्ट लागत्या म्हणत्यात."

मी म्हटलं, "ठाव हाय आक्का."

"आन कन्यादानाला माझं भाऊ-भावजय बसणार. मला बसता येत न्हाय." तिनं हे रडत सांगितलं नाही. पावसाचं सांगावं तसं सांगितलं. "म्हंजे लगीन माझ्या लेकीचं, आन मी बघणार न्हाय. तुमी दाखवशीला तेवढंच माझं. मला दुसरं काय नको. पाट खाली येतोय तवाचं अश्वीचं त्वांड तेवढं मला दावा. जेवणाबिवणाचं फोटू नसलं तरी चालंल."

"काढतो आक्का. शंभर टक्के."

"त्या व्हिडिओवाल्यालाबी सांगिटलंय. दोघं हायसा, म्हणून मला घोर न्हाय."

इतकी वर्षं मी लग्नं काढली, शेकडो आया मांडवामागं तुळशीपाशी बसलेल्या असणार, आणि त्यांच्यातल्या एकीचाही विचार माझ्या मनात आला नव्हता. आम्ही मांडवात असतो, आई मागं असते. तिचे फोटो सकाळचे असतात आणि नंतर पाठवणीचे, रडतानाचे. मधली जागा अल्बमात कधी रिकामी दिसत नाही, कारण ती आम्ही दुसऱ्यांच्या फोटोंनी भरतो. त्या सकाळी मला हे पहिल्यांदा लख्ख कळलं. कळून मी काय केलं, तर कॅमेऱ्याची पट्टी गळ्यात घातली आणि मल्लूच्या आधी जागा धरायला गेलो.

मामाला कुठून तरी कुणकुण लागली होती. त्यानं आम्हां दोघांना समोरासमोर उभं करून तडजोड केली. फोटोवाल्यानं फ्लॅश मारायचा नाही. त्याबदली व्हिडिओवाल्याचा दिवा दोघांनी वापरायचा. वाईट नव्हती तडजोड. दालनात स्टेजचे गुलाबी-निळे दिवे होते, त्यांत नवरीचं तोंड निळं पडत होतं. मल्लूच्या पांढऱ्या दिव्याशिवाय मला गत नव्हती. मल्लूनं दिवा उंच स्टँडवर चढवला. तेवढ्यात कार्यालयाचा मॅनेजर धावत आला. वर झालरीचं कापड होतं, त्याला दिव्याची धग लागत होती. "खाली घ्या, खाली घ्या ओ, पेटंल की सगळं," म्हणून त्यानं स्वतः दिवा माझ्या खांद्याच्या उंचीवर आणून घट्ट पिळला. मला हायसं वाटलं. सहा महिने ज्याची भीती होती ते टळलं, असंच वाटलं. दिवा आता माझ्या पाठीमागं, मल्लूच्या कडेला आहे आणि मी उभा राहिलो तर माझीच सावली पुढं पडणार, हे कळायला मला काही शिकायचं राहिलं नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, बोटं टेकली की मी बसणारच आहे.

मग मी माईक घेतला. "मंडळी, मोबाईल कृपा करून खाली ठेवा. पुढं कुणी येऊ नका. फोटो आम्ही काढतोय." लोक शहाणे होते, त्यांनी ऐकलं. आजवर असं ऐकल्याचा मला आनंद व्हायचा.

मंगलाष्टकं सुरू झाली. मुंडावळ्यांच्या मागं अश्विनीचे डोळे खाली, अंतरपाटाच्या स्वस्तिकावर. मी नवरदेवाच्या खांद्यामागं, मल्लू माझ्यामागं. त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता. शेवटच्या 'सावधान'ला सगळं कार्यालय एका सुरात ओरडलं, वाजंत्री उसळली आणि पाट खाली आला.

तिनं मान वर केली. मी पहिला फोटो घेतला आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यातूनच मला दिसलं, की तिच्या कपाळापासून ओठांपर्यंत माझी सावली आहे. माझं डोकं, आणि कॅमेऱ्याला लागू नये म्हणून बाजूला फिरवलेल्या टोपीची चोच तिच्या नाकावर. दुसरा घेतला. तिसरा घेतला. आता बोटं यायला हवी होती.

ती आली नाहीत.

मी बसू शकत होतो. माझे गुडघे कुणी बांधले नव्हते. बसलो असतो तर सावली गेली असती, माझ्या हाती तोंड आलं असतं आणि मल्लूच्याही हाती आलं असतं. पण बोटं न येता बसायचं म्हणजे हरायचं, असं त्या वेळी माझ्या डोक्यात होतं. मागं मल्लूच्या डोक्यात काय होतं तेही मला ठाऊक आहे. मी आपण होऊन बसावं, त्यानं मागावं लागू नये. त्या पोरीच्या तोंडावर पहिल्यांदा एक गोंधळ आला, मग ती नवऱ्याला ओळखल्यासारखी बघायला लागली, मग ओठांच्या कोपऱ्यात काही तरी हललं. आणि हे सगळं माझ्या सावलीत हललं. मी बटण दाबत राहिलो. अकरा फोटो. मग अक्षता कोसळल्या, मामा पुढं आला, आणि अश्विनी फोटोसाठी हसायला लागली.

पुन्हा पाट धरायला सांगता आलं असतं. भटजी रागावले असते, पण लोक धरतात, आम्ही आधी धरायला लावलाही होता. पण सांगायचं म्हणजे मल्लूसमोर कबूल करायचं. शिवाय पुन्हा धरला असता तरी ते तोंड पुन्हा आलं नसतं.

शेवंताक्का मागच्या दारातून आली. हात ओले, पदराला पुसत होती. लेकीकडं जायच्या आधी ती माझ्याकडं आली. "आलं का त्वांड?"

मी म्हटलं, "आलं."

ती मल्लूकडं वळली. तोही म्हणाला, "आलं आक्का."

सहा महिन्यांत आमचं ते पहिलं एकमत. जेवायला आम्ही सवयीनं शेजारी बसलो. पंगतीत वांग्याची भाजी फिरून गेली, बुंदी फिरून गेली. मल्लू ताटाकडं बघत म्हणाला, "तू बसला न्हाईस."

मी म्हटलं, "तू बोटं लावली न्हाईस."

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

पावसाळाभर ते अकरा फोटो माझ्या कॉम्प्युटरवर होते. सावली उजळायची साधनं असतात. उजळली की तोंड राखेच्या रंगाचं व्हायचं, डोळ्यांत खसखशीसारखे दाणे पडायचे. एका कानातली बुगडी मात्र स्वच्छ चमकत होती, तेवढ्यावर उजेड पडला होता. मी रोज थोडं उजळायचो, रोज परत जसं होतं तसं करायचो. बाहेर पत्र्यावर पाऊस, आत ती पोरगी माझ्या टोपीच्या चोचीखालून कुणाकडं तरी बघत असायची. कुणाच्या मोबाईलमध्ये काही मिळेल म्हणून मामाकडून सगळे मागवून घेतले. त्यांत मागून काढलेली डोकी होती. लोकांनी माझं ऐकलं होतं.

शेवंताक्काचा फोन यायचा. "अल्बम झाला का ओ?" मी म्हणायचो, छपाईला दिलाय. ती म्हणायची, "सावकास द्या, पर चांगला करा." तिनं माझ्यावर एकदा तरी आवाज चढवायला हवा होता.

येत्या गुरुवारी उचगावला लग्न आहे. यंदाचं माझं पहिलं. व्हिडिओला कोण आहे ते मी परवा विचारलं, आणि मुलीचा बाप आनंदानं म्हणाला, मल्लू. चार वर्षांत आम्ही एका मांडवात उभे राहिलेलो नाही. दुसरा कुणी मागं असला की मी तीन फोटो झाले की आपण होऊन बसतो. कुणी नसलं तरी बसतो. तरुण पोरं हसतात, म्हाताऱ्याचे गुडघे धरलेत म्हणतात. पण गुरुवारी मागं मल्लू असणार. बोटं टेकली तर मी काय करीन ते मला माहीत नाही. नाही टेकली तर त्याहून माहीत नाही. मुलीच्या आईनं मला फोनवर सांगून ठेवलंय, मी तुळशीपाशी असणार हां भाऊ, तुम्ही नीट काढा. मी हो म्हटलं. तेव्हापासून खांदा धड उचलत नाही.

त्या वर्षी अल्बम घेऊन मी निपाणीला गेलो तो तुळशीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी. दोन खोल्यांचं घर, दारात चुन्यानं रंगवलेली कुंडी. शेवंताक्का सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मला बघून तिनं हात झटकले, पाणी दिलं, टीव्हीशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि अल्बम मांडीवर घेतला.

पानं तिनं हळूहळू उलटली. त्या पानावर आली तेव्हा थांबली. अंगठा त्या सावलीवर ठेवून तिनं एकदा पुसलं, डाग पुसावा तसं. तंबाखूनं पिवळा पडलेला अंगठा. मग परत पुसलं.

"ही सावली कुणाची?"

"माझी."

"तितं का हुबा ऱ्हायलासा?"

मी सगळं सांगितलं. कडोली सांगितली, फ्लॅश सांगितला, बोटं सांगितली. सांगताना मला वाटत होतं की ती आता चिडेल, ओरडेल, अल्बम माझ्या अंगावर टाकेल; आणि तसं झालं असतं तर मी सुटलो असतो.

"म्हंजे तुमचं दोघांचं भांडान हुतं," ती म्हणाली.

"व्हय."

"मला कुनी सांगिटलं न्हाय." तिचा अंगठा अजून पानावरच होता. "सांगिटलं असतं तर मी तुळशीपाशी बसले नसते. आले असते, हुबी ऱ्हायले असते. लोकं काय बोलायची ती बोलली असती."

शेजारच्या घरात कुणी तरी विड्यांच्या कट्ट्यांची मोजणी करत होतं, तेवढाच आवाज. मग शेवंताक्कानं अल्बम मिटला, सूप परत मांडीवर घेतलं आणि रिमोटचं बटण दाबलं. मल्लूनं दिलेला व्हिडिओ टीव्हीला लावूनच ठेवलेला होता. दुपारची तिची ही रोजची वेळ असावी, कारण तिचे हात परत विडीची पानं कापायला लागले आणि डोळे टीव्हीवर गेले. मी आहे हे ती विसरली असावी.

मंगलाष्टकं चालू झाली. ती नुसती ऐकत होती, जशी तिनं त्या दिवशी ऐकली असतील. शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री उसळली, पाट खाली आला. पडदाभर काळा शर्ट आला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'फोटो व व्हिडिओ'. शेवंताक्कानं चित्र थांबवलं. हातातली कात्री खाली ठेवली. मान एका बाजूला करून, त्या पाठीच्या कडेनं काही दिसतंय का, असं ती बघायला लागली.

"सरका की ओ जरा, फोटोवाले," ती टीव्हीला म्हणाली.

मी उठलो आणि माझी खुर्ची बाजूला घेतली.